वरच्या अकरा फायली

माणसं लॅपटॉपमध्ये काय काय साठवतात, हे चिमट्याला विचारावं. फोटो आणि हिशोब सोडा हो, ते सगळ्यांनाच माहीत असतं. त्याने बटणांखालून कुरतडलेली नखं काढली होती. पंख्यातून मांजराचे केस काढले होते. एकदा तर एका वकिलाच्या लॅपटॉपमधून झुरळांचं अख्खं कुटुंब काढलं होतं, आईबापांसकट. वकील म्हणाला, "मी तर नुसतं टायपिंग करतो." जशी काही झुरळं आपण होऊन पत्ता विचारत आली होती! माणूस बाहेरून कितीही कडक इस्त्रीचा असला तरी त्याचा लॅपटॉप उघडला की खरा माणूस कळतो, आणि तो बहुतेक वेळा घाणेरडा असतो, असं चिमट्याचं सव्वीस वर्षांचं मत होतं.

चिमटा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो कशालाच नुसत्या हाताने शिवायचा नाही, म्हणून बाजारात हे नाव पडलं. टेबलावर लहान-मोठे चिमटे ओळीने मांडलेले, हातात रबरी मोजे, तोंडावर मास्क, डाव्या हाताला स्पिरिटची बाटली. तो काचेच्या पार्टिशनमागे बसायचा आणि बायको पुढे काउंटरवर. "लग्नात यांनी माझा हात हातात घेतला ना, तर आधी पुसून घेतला," असं ती गिऱ्हाइकांना बिनदिक्कत सांगायची. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

त्या मंगळवारी दुकान उघडून तासही झाला नसेल, तेव्हा एक वयस्कर जोडपं आलं. बाईंच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप होता. पुरुष उंच, ताठ. एका नजरेत ओळखावं की हा माणूस जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला आहे. मास्तरच होते ते. गळ्याशी त्यांनी पांढऱ्या कापडाची चौकोनी पट्टी बांधली होती. ते श्वास घेत तसं ते कापड आत जाई, बाहेर येई, आणि त्याच्यामागून बारीक शिट्टी वाजे. चिमट्याची नजर तिथे गेली आणि त्याने ती लगेच काढून घेतली. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण नजर परत तिकडे वळेना.

"बंद पडलाय हो, दादा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि यांचं सगळं यातच आहे."

"सगळं म्हणजे?"

"यांचा आवाज."

मग त्यांनी सांगितलं. मास्तरांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्यात स्वरपेटी काढून टाकली. काढावी लागणार हे आधीच कळलं होतं, म्हणून हॉस्पिटलने सोळाशे वाक्यांची यादी हातात दिली होती. ती वाक्यं एकेक करून वाचून लॅपटॉपमध्ये भरायची. त्यावरून ते लोक मास्तरांचा आवाज तयार करणार आणि फोनमध्ये घालून देणार. मास्तर फोनवर लिहिणार आणि फोन मास्तरांच्या आवाजात बोलणार.

"भरली होती का सगळी?"

"भरली म्हणजे काय! एकवीस दिवस लागले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आणि हे डोक्यावरून जाड पांघरूण घेऊन आत. लॅपटॉप असा छातीशी धरलेला, तोंडाजवळ. बाहेर यायचे ते घामाने निथळत. मी म्हणायची, आत अंडी उबवताय की काय?"

मास्तर हसले. खांदे हलले, डोळे हलले, आवाज काही आला नाही. गळ्याच्या पट्टीमागे नुसतं फुसफुसलं.

"दुसरीकडे कॉपी काढून ठेवलीय का?" चिमट्याने विचारलं. हा प्रश्न तो रोज विचारायचा आणि रोज समोरचा माणूस जमिनीकडे बघायचा. मास्तरांनीही जमिनीकडे बघितलं.

"सगळं झाल्यावर एकदम द्यायचं म्हणून बसले," बाई म्हणाल्या. "यांचं हे असंच. शाळेतसुद्धा शेवटचा पेपर तपासून होईपर्यंत पहिला पेपर हातात द्यायचे नाहीत. आणि आता तिथले लोक म्हणतात, सोमवारपर्यंत आणा. नाहीतर मग कुणाचातरी तयार आवाज घालून देऊ. परक्याचा! घरात दिवसभर परका माणूस बोलल्यासारखं व्हायचं ते."

मास्तरांनी खिशातून छोटी वही काढली आणि गोल, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं. बाईंना दिसणार नाही अशा बेताने ती त्यांनी चिमट्यापुढे धरली. 'यादी सोळाशेची. त्यात शेवटच्या चाळीस जागा मोकळ्या होत्या, ती वाक्यं मी स्वतः लिहिली आहेत. हिच्यासाठी. परत म्हणता येणार नाहीत.'

चिमट्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "लॅपटॉप जगेल न जगेल, मास्तर, फायली मी काढतो."

असं वचन तो सहसा द्यायचा नाही.

निदान काही अवघड नव्हतं. चार्जरला मीटर लावला, वीज नीट येत होती. लॅपटॉपचा दिवा मात्र लागत नव्हता. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, काही नाही. म्हणजे आतला मुख्य बोर्ड गेला. चिमट्याने लॅपटॉप पालथा घातला, दहा स्क्रू काढून वाटीत ठेवले आणि खालचं झाकण उचललं.

आधी वास आला. मास्कमधूनसुद्धा आला. उपाशीपोटी झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसला, उबट आणि आंबूस.

मग दिसलं. सगळ्या बोर्डावर, पंख्यावर, बॅटरीच्या कडेने ओलसर साय धरली होती. पांढरट, मध्ये मध्ये गुलाबी. झाकण वर आलं तशी तिची एक तार झाकणाबरोबर वर ताणली गेली, लोंबली आणि तुटली.

"शी!" चिमटा जोरात ओरडला.

"झुरळं का हो?" बाहेरून बायको.

"नाही."

"मग काय?"

"तू येऊ नकोस आत."

त्याने डोकं शांत ठेवलं. एकवीस दिवस पांघरुणाखाली, माणसाच्या तोंडापाशी, वाफेत ठेवलेलं यंत्र. बुरशी येणारच. बुरशीने ओल धरली, ओलीने बोर्ड जाळला. यात न समजण्यासारखं काय आहे? त्याने लांब चिमट्याने हार्ड डिस्क सोडवली, चारदा पुसली आणि स्वतःच्या मशीनला जोडली. आतलं वाचता येईल पण काही बदलता येणार नाही, अशा बेताने त्याने ती जोडली होती. डिस्क फिरली, अगदी गोड फिरली. फायलींची नावं पुसली गेली होती, पण फायली होत्या. शोध संपल्यावर पडद्यावर आकडा आला, सोळाशे अकरा.

अकरा वरच्या. मास्तरांनी काही वाक्यं पुन्हा म्हटली असतील, माणूस अडखळतो. चिमट्याने कॉपी सुरू केली. डिस्क जुनी होती, संध्याकाळ होणार होती.

आता खरं म्हणजे त्याने हात बांधून गप्प बसायला हवं होतं. डिस्क बाहेर आली की उरलेल्या सांगाड्याला कुणी विचारत नाही. दुसरा कुठलाही कारागीर असता तर त्याने झाकण लावून तो कोपऱ्यात सारला असता. पण चिमट्याला आपल्या टेबलावर ती साय बघवेना. दुपारी तीनच्या सुमाराला त्याने ब्रश घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि घासायला लागला.

साय सुखासुखी निघेना. ब्रश लागला की ती आकसायची, कडेला गोळा व्हायची. खाली लाल बारीक धागे होते, तेही ओढून काढावे लागले. कापसाचे बोळे भरत गेले. त्याने ते पिशवीत घातले, पिशवीला दोन गाठी मारल्या, ती दुसऱ्या पिशवीत घातली. अर्ध्या तासाने बोर्ड लख्ख झाला, आणि चिमट्याला मोकळं मोकळं वाटलं.

त्याने पडद्याकडे बघितलं. सोळाशे अकराचे तीनशे चार झाले होते.

ज्या फायली आधीच कॉपी झाल्या होत्या, त्या त्याने उघडल्या. आकार बरोबर, लांबी बरोबर, आत काही नाही. हेडफोन लावून आवाज पूर्ण वाढवला. रिकाम्या खोलीतसुद्धा काहीतरी खरखर असते, तीही नव्हती.

डिस्क मरतेय, तो स्वतःशी म्हणाला. पण डिस्क ठणठणीत होती, त्याने स्वतःच तपासली होती.

बुधवारी सकाळी पार्टिशनचं दार उघडल्याबरोबर तो वास आला. साय परत धरली होती. कालच्यापेक्षा पातळ, पण सगळीकडे. चिमट्याने ती लांबूनच बघितली. मग त्याने डिस्क पुन्हा तपासायला लावली. आठशे सत्तर.

त्याने मास्तरांच्या घरी फोन लावला.

"काकू, मास्तर बरे आहेत ना?"

"आता बरे आहेत. काल मात्र माझा जीव घाबराघुबरा झाला हो, दादा. दुपारी खुर्चीत वाचत बसले होते. तीन वाजले असतील. एकदम घशाशी हात आणि डोळे पांढरे. वहीत लिहिलं, आत कुणीतरी ब्रशने घासतंय. मग लिहिलं, जळतंय. अर्धा तास तडफडले. डॉक्टर म्हणतात ऑपरेशननंतर असे भास होतात."

चिमट्याने स्पिरिटच्या बाटलीकडे बघितलं आणि ती टेबलाखाली नेऊन ठेवली.

"होत असतील," तो म्हणाला.

"फायलींचं काय झालं?"

"काढतोय."

तो देवभोळा नव्हता, भुताखेतांची तर त्याला चीड यायची. मीटर दाखवेल ते खरं, एवढंच तो जन्मभर मानत आला होता. आणि आता मीटरच त्याच्या विरोधात गेला होता. साय कशाने जगते हे बघायला त्याने एसी तासभर चालवला. साय सुरकुतली आणि फायली सहाशे दहावर आल्या. एसी बंद केला, ओला कापूस ठेवला, उपयोग शून्य. कोमट पाणी फवारलं, शून्य. गुरुवारी गरम पाण्याची वाफ दिली, तर सायीवर पांढरे फोड आले आणि दीडशे फायली एका मिनिटात गेल्या. त्याने घाबरून भांडं बाजूला केलं. त्या घाणीला वाचवण्यासाठी आपण घाबरलो, हे लक्षात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. घरी जेवणावर वासना नव्हती. बायकोने ताट पुढे सरकवलं, त्याने परत सरकवलं.

शुक्रवारी सकाळी चारशे उरल्या होत्या. अकरा वाजता मास्तर एकटेच आले.

ते पार्टिशनच्या आत येऊन उभे राहिले. सांगाडा टेबलावर उघडा होता. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, नाक मुरडलं नाही, दचकलेही नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं, 'किती?'

"चारशे," चिमटा म्हणाला. त्याच्याने खोटं बोलवेना.

'शेवटची चाळीस?'

"अजून नाही सापडली."

मास्तर खाली बसले. इतका ताठ माणूस, पण पाठीतून मोडल्यासारखा बसला. तसंच त्यांनी लिहायला घेतलं. 'तोंड अगदी जवळ न्यावं लागायचं. श्वास लागायचा. नाहीतर ते घेत नसे.'

"कोण घेत नसे?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. साधं गणित न आलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसं बघितलं. मग पुढे लिहिलं, 'मीच केलं असतं. पण माझा श्वास आता तोंडाने येत नाही.' आणि गळ्याच्या पट्टीकडे बोट दाखवलं. ती आत गेली, बाहेर आली.

ते गेल्यावर चिमटा हात मांडीवर ठेवून बसून राहिला. 'नाही' म्हणायला त्याला कुणाची भीती होती? फोन करायचा आणि सांगायचं, डिस्क गेली हो काकू, माफ करा. रोज कुणा ना कुणाला तो हे सांगतच असे. पण ती गोल अक्षरं डोळ्यांपुढून हलेनात. हिच्यासाठी. परत म्हणता येणार नाहीत.

त्याने मास्क काढला.

दुकानात मास्कशिवाय बसायची ही त्याची पहिलीच वेळ. तो वाकला, वीतभर अंतरावर तोंड नेलं आणि हळूच श्वास सोडला. काही झालं नाही. अजून जवळ गेला, चार बोटांवर. तोंड उघडलं आणि पोटातून, काच पुसताना सोडतात तसा, लांब हाऽऽ केला.

साय मऊ झाली. तिच्यावर चकाकी आली. पडद्यावर चारशेचे चारशे साठ झाले.

पुन्हा श्वास घ्यायचा म्हणजे तीच हवा आत ओढायची. तो वास जिभेवर बसला. टाळ्याला चिकटला. त्याला उमासा आला, धावत जाऊन तो बेसिनवर ओकला, चूळ भरली, परत आला आणि वाकला. सातशे. पुन्हा बेसिन. पुन्हा टेबल. आता दोन बोटांवर, कारण त्याहून लांबून ते घेत नव्हतं. 'ते घेत नव्हतं' असं आपण मनात म्हणालो, हेही त्याला कळलं, पण थांबायला वेळ नव्हता.

बायको केव्हा आत आली, त्याला समजलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "काय करताय तुम्ही?"

"फायली काढतोय."

"तोंडाने?"

त्याने पुन्हा तोंड खाली नेलं. बोलण्यात श्वास वाया गेला असता. त्याच्या हनुवटीवरून लाळेची तार खाली लोंबत होती, आणि ती त्याचीच होती की खालून वर आली होती, हे सांगता आलं नसतं. बायको दोन पावलं मागे सरली. मग बाहेर जाऊन तिने दाराची 'बंद' पाटी फिरवली आणि काउंटरमागे पाठ करून बसली.

चार वाजता आकडा पुरा झाला. सोळाशे अकरा.

त्याने कॉपी केली. हेडफोन लावले आणि पहिली फाइल उघडली.

"मला पाणी हवं आहे," मास्तर म्हणाले. स्वच्छ, भरदार आवाज. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

चिमट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्याने दुसरी उघडली. "दार लावून घे." तिसरी, "आज मला बरं वाटतंय." मास्तरांनी लॅपटॉपबरोबर दिलेल्या यादीतल्या प्रत्येक वाक्यावर पेन्सिलने खूण करत तो पुढे जात राहिला.

मग त्याची नजर सांगाड्यावर गेली.

बॅटरी काढलेली होती. एकही वायर जोडलेली नव्हती. पंख्याच्या गोल भोकावर सायीच्या दोन घड्या झाल्या होत्या, समोरासमोर, मध्ये चीर.

"उद्या येताना वर्तमानपत्र आण," मास्तर हेडफोनमध्ये म्हणाले.

घड्या हलल्या.

त्याने फाइल थांबवली. घड्या थांबल्या.

पुन्हा लावली. पुन्हा हलल्या. प्रत्येक अक्षराला मिटत होत्या, उघडत होत्या.

त्याने एका कानावरचा हेडफोन उचलला. खोलीत शांतता होती. शांततेत ओलं, चिकट, बारीक चपचपणं ऐकू येत होतं.

तो उठला नाही. यादी पुरी करायची होती.

शेवटची चाळीस त्याने ऐकली नाहीत. प्रत्येकीचा पहिला शब्द कानावर पडला की तो फाइल बंद करायचा. तेवढं सभ्यपण त्याच्यात होतं. चाळीसही नीट होत्या.

उरल्या वरच्या अकरा.

पहिलीत टाळ्यावरून जीभ सुटल्याचा आवाज होता. दुसरीत गिळल्याचा. तिसरीत ओठ चाटल्याचा. चौथीपासून सातवीपर्यंत नुसता श्वास, पण कानाच्या अगदी आत.

आठवीत कुणीतरी म्हणालं, "अ."

नववीत, "आ."

आवाज मास्तरांचाच होता. पण वाचणाऱ्याचा नव्हता. शिकणाऱ्याचा होता.

दहावीत पूर्ण शब्द होता. "दे."

अकरावीत ओठ उघडले आणि कुणीतरी वाट बघत राहिलं. चिमट्याने खाली बघितलं. चीर उघडी होती.

त्याचं बोट बटणावर गेलं. अकरा फायली पुसायला एक क्षण पुरला असता. पण गिऱ्हाइकाच्या वस्तूतून आपण निवड करायची नाही, जे निघेल ते सगळं परत द्यायचं, हा त्याचा धंद्यातला पहिला नियम होता. त्याने तो सव्वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. कुणाचं काय महत्त्वाचं, हे ठरवणारे आपण कोण? त्याने सोळाशे अकराच्या सोळाशे अकरा फायली नव्या पेनड्राइव्हवर भरल्या. मग टेबलाखालची बाटली काढून सांगाड्यावर अख्खी ओतली. साय आकसली, पिवळी पडली, कागदासारखी सुटून आली. तीन पिशव्यांत बांधून त्याने ती फेकून दिली. पेनड्राइव्ह पुन्हा लावून बघितला, या वेळी एकही फाइल रिकामी झाली नव्हती. मग त्याने मास्तरांच्या घरी फोन लावला.

"काकू, मास्तर कसे आहेत? आत्ता?"

"छान झोपलेत. का हो?"

"सहजच," तो म्हणाला. त्याला हायसं वाटलं.

सोमवारी बाई पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. जाताना त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. मोजे नव्हते, तरी त्याने ते ओढून घेतले नाहीत. "तुम्ही माणूस परत दिलात मला," त्या म्हणाल्या.

दीड महिना गेला. मग एका दुपारी बाईंचा फोन आला. आवाज इतका सुंदर झालाय की सांगता सोय नाही. फक्त फोनला ओल येते, जमलं तर एकदा घरी येऊन बघा.

चिमटा गेला. दोन खोल्यांचं, नीटनेटकं घर होतं. मास्तर खिडकीशी खुर्चीत बसले होते. फार वाळले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. मधल्या टेबलावर घडी घातलेल्या नॅपकिनवर फोन टेकून ठेवला होता.

"या, या. बसा," फोन म्हणाला. तोच भरदार आवाज.

चिमट्याने मास्तरांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही मांडीवर होते, बोटं एकमेकांत अडकवलेली.

"टाइप केव्हा केलंत?" त्याने विचारलं.

"आता टाइप करावं लागत नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या. "त्याला सगळं कळतं. किती गप्पा मारतो माझ्याशी! हे जन्मात इतकं बोलले नाहीत माझ्याशी, खरं सांगू का."

त्यांनी वाटीतलं कोमट पाणी चमच्यात घेतलं आणि चमचा फोनच्या खालच्या फटीला लावला. पाणी आत गेलं. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"थोडं थोडं पाजावं लागतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर आवाज बसतो."

मास्तर चिमट्याकडे बघत होते. त्यांचे ओठ हलू लागले. जन्मभर शब्द तोडून तोडून शिकवत आलेला माणूस, ओठांवर अक्षर न् अक्षर दिसत होतं. बंद करा. पुन्हा, बंद करा.

"चहा घेणार ना?" फोन म्हणाला.

"मास्तर, वही द्या," चिमटा म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज फाटला. "वही कुठेय तुमची?"

"ती होय? लागत नाही म्हणून टाकून दिली," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी हात पुढे केला आणि त्याचं मनगट धरलं. गार, कोरडा हात. ओठ हलतच होते.

"ते दमलेत," मास्तरांचा आवाज टेबलावरून म्हणाला. "तुम्ही निघा आता."

"खरंच दमलेत," बाईंनी मान डोलावली. त्यांनी मास्तरांची बोटं एकेक करून हळुवार सोडवली आणि हात परत मांडीवर ठेवला. मग खालचा नॅपकिन काढून फोनची फट नीट टिपली, दोन्ही कोपरेसुद्धा, आणि तो खिडकीतल्या दोरीवर वाळत घातला.

दोरीवर आधीचे आठ-नऊ नॅपकिन होते, स्वच्छ धुतलेले. प्रत्येकावर मधोमध, एकाच जागी, ओठांएवढा एक गुलाबी डाग होता.